वास ओळखणारी पेटी

मित्रांनो, वनस्पती उद्यानात शिरलात की उजव्या वळणावर, बाकाशेजारी चार पायांवर उभी असलेली जुनी लाकडी पेटी म्हणजे मी. माझ्या कपाळावर लिहिलं आहे, ‘वास ओळखा’. मला पाच खण आहेत आणि प्रत्येकाच्या झाकणाला बारीक भोकं आहेत. सुताराने मला आतून मुद्दाम कोरं ठेवलं होतं.

उद्यानात माहिती सांगणाऱ्या ताई रोज सकाळी ताजी पानं आणायच्या, तळहातावर चुरगळायच्या आणि माझ्या खणांत घालायच्या. मग शाळेची मुलं यायची. एकदा एका मुलीने निलगिरीच्या खणाला नाक लावलं आणि ती ओरडली, “आजीच्या गुडघ्यांचा वास!”

सगळे खो खो हसले. ताई म्हणाल्या, “अगदी बरोबर! गुडघ्याला लावतात ना, त्या तेलात हेच असतं. चला, झाड दाखवते.” आणि सगळी वरात झाडाकडे निघाली. तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा!

पुढे ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. पानं सुकली, त्यांचा भुगा झाला. माझं दुःख माळीकाकांना पाहवलं नाही. मोठा मायाळू माणूस! “हिची काळजी आता मी घेतो,” असं म्हणून त्यांनी भुगा झाडून काढला आणि मला हिरवागार तेलरंग दिला. बाहेरून दिला, आतूनही दिला. वाळवी लागू नये म्हणून दोनदा दिला.

तेव्हापासून ते रोज मला फडक्याने पुसतात. येणारेजाणारे म्हणतात, “वा, काय चकचकीत पेटी!” आणि पुढे जातात. नाक लावतं कोण? लावलं तरी आत असतं काय? मित्रांनो, अडगळीत पडलेल्याला निदान रडता तरी येतं. माझे तर लाड चालले होते. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? बाकावर माणसं बसायची, उठायची. मी एकटीच होते.

परवा एक बाबा आणि त्यांची लेक आली. लेकीने पाचही खण हुंगले.

“बाबा, ओळखला! रंग!”

“पाचही रंगच? शंभर टक्के बरोबर!” बाबा हसत म्हणाले.

माळीकाका शेजारीच फडकं पिळत होते. ते हसले नाहीत. बापलेक गेल्यावर ते वाकले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खणाला नाक लावलं.

“अरे देवा,” ते पुटपुटले. “मी हिचं नाकच बुजवलं की!”

सध्या ते फावल्या वेळात सॅंडपेपरने मला आतून घासतात. दुखतं, पण मी हूं की चूं करत नाही. एक खण मोकळा झाला आहे. काल त्यात त्यांनी पुदिना घातला. वास अजून अर्धा रंगाचाच येतो.

मित्रांनो, कुणावर माया करायची असेल, तर त्याला काय हवं आहे ते आधी जवळ जाऊन बघा. आणि उद्यानात आलात, तर माझ्यापाशी थांबा. वास चुकीचा ओळखलात तरी चालेल, पण तेवढं नाक लावा.