मी 'हार्डली', प्रभावतीबाईंच्या पत्रातला

मी 'हार्डली' बोलतोय. जातीनं इंग्रजी क्रियाविशेषण. पण माझ्यावर जे बेतलं ते काशीत, दुर्गाघाटावरच्या एका मराठी घरात.

माझं रूप फसवं आहे. 'हार्ड' म्हणजे कठीण, जोराचा. मी त्याचाच मुलगा असणार असं कुणालाही वाटतं. पण त्याचा एकही गुण माझ्यात नाही. मी म्हणजे 'जेमतेम', नसल्यातच जमा. भाऊ 'स्कार्सली', बहीण 'बेअरली', दोघंही याच अर्थाची. वरून आम्ही सभ्य दिसतो, पोटात मात्र नकार असतो.

प्रभावतीबाईंच्या शाळेत फळ्यावर नियम लिहिला होता: विशेषणाला 'ली' जोडा, क्रियाविशेषण तयार. पुढं लग्न झालं, सोमवार, प्रदोष, चतुर्थ्या सुरू झाल्या. इंग्रजी गेलं, तेवढा नियम मात्र राहिला.

त्यांचा रत्नाकर मद्रासला बँकेत लागला आणि तिथल्याच अंबिकेशी लग्न करून मोकळा झाला. तिला ना मराठी येई, ना हिंदी. रत्नाकरचे वडील वेणीमाधवशास्त्री तेव्हापासून मुलाचं नाव काढीनात. बाईंनी गोड सोडलं. सून उंबरा ओलांडून आत येईल तेव्हाच साखर, असं विश्वनाथाला सांगून आल्या.

मग अंबिकेला दिवस गेल्याची बातमी आली. शास्त्रीबुवा पोथीतून मान वर न करता म्हणाले, "येऊ दे."

तेवढ्यावर बाईंना आभाळ ठेंगणं झालं. सुनेला आपण स्वतः लिहायचं, मुलाला मध्ये घालायचं नाही, आणि तिला कळेल अशा भाषेत, म्हणजे इंग्रजीत, लिहायचं, असं त्यांनी ठरवलं.

'तुझी आम्ही फार आठवण काढतो.' फार म्हणजे अगदी जोरानं. हार्ड. लावली 'ली'. 'वुई हार्डली रिमेंबर यू.' कागदावर उतरता उतरता मी शहारलो. पण सांगू कसं? शब्दाला स्वतःचं तोंड नसतं.

पुढं लिहायचं होतं, 'आता तुला उघडपणे स्वीकारलंय.' उघडं म्हणजे 'बेअर'. 'नाऊ वुई बेअरली अ‍ॅक्सेप्ट यू.' माझ्याखाली माझी बहीण येऊन बसली. शेवटी ओटीभरणाला येण्याचं आमंत्रण आणि चिमूटभर कुंकू.

मद्रासला अंबिकेनं पाकीट उघडलं. 'आम्हाला तुझी जेमतेमच आठवण येते. आता तुला कसंबसं स्वीकारतो.' तिनं ते दोनदा वाचलं. नवऱ्याला न दाखवता साड्यांखाली ठेवलं. उत्तर आलं ते दोन ओळींचं: प्रवास झेपणार नाही, माझी आई इथं आहे.

शेजारची शरदिनी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवी. ते उत्तर तिच्यापुढं धरून बाई म्हणाल्या, "माझं काय चुकलं गं? मी तर इतकं गोड लिहिलं होतं."

"काय लिहिलंत काकू?"

बाईंनी दोन्ही वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली. शरदिनी हसायला लागली आणि मध्येच थांबली.

"हे खरंच पाठवलंत?"

"मग? ग्रामर चुकलं का?"

"ग्रामर एकदम ठीक आहे, काकू. तीच तर मुसीबत आहे."

अर्थ कळल्यावर बाई खाली बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "दोन जिवांच्या पोरीला मी हे बोलले."

"दुसरी चिठ्ठी टाका. मी लिहून देते."

"नको. तुझं इंग्रजी शुद्ध. तिला वाटेल, दुसऱ्याकडून लिहून घेतलं."

त्यांनी पिशवी भरली. शास्त्रीबुवांना म्हणाल्या, "तुम्हीही चला."

"मी कशाला? येऊ दे म्हटलं ना."

बाई एकट्या निघाल्या. मद्रासच्या दारात अंबिकेनं वाकून नमस्कार केला, कॉफी दिली आणि लांब जाऊन उभी राहिली. रत्नाकर बँकेत होता. बाई म्हणाल्या, "लेटर?"

तिनं पत्र आणलं. बाईंनी माझ्यावर बोट ठेवलं. "धिस राँग. आय थॉट... हार्ड." आणि मूठ आवळून छातीवर धरली.

अंबिका त्या मुठीकडं बघत राहिली. "हार्ड?" तिनं विचारलं, आणि तिचे डोळे भरले. टेबलावरचं पेन तिनंच आणून दिलं. बाईंनी मला असं खोडलं की कागद फाटला. सुख झालं मला. "मराठीत काय?" अंबिकेनं इंग्रजीत विचारलं. "खूप," बाई म्हणाल्या. तिनं माझ्या डोक्यावर तमिळ अक्षरांत 'खूप' लिहिलं.

मग तिचं बोट खाली सरकलं, माझ्या बहिणीवर. "धिस ऑल्सो राँग?" आणि जरा थांबून, "अप्पा?" म्हणजे सासरे.

बाईंनी पेन टेकवलं. नुसती एक रेघ ओढायची होती. पण शास्त्रीबुवांचं 'येऊ दे' खरंच कसंबसंच होतं, आणि इतक्या व्रतांच्या बाईला सुनेशी खोटं वागणं जमेना. त्यांनी पेन बंद केलं.

"वेट," त्या म्हणाल्या. अंबिका उठली आणि या वेळी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

मी आता खोडलेला शब्द आहे, आणि माझं बरं चाललंय. तुम्ही लिहायला बसाल तेव्हा आम्हा भावंडांना अर्थ विचारून मगच उचला, एवढी विनंती. माझी बहीण मात्र अजून त्या ओळीत तशीच उभी आहे. दुर्गाघाटावर वेणीमाधवशास्त्री भेटले, तर त्यांना तेवढं सांगा. एक रेघ त्यांच्या हातची राहिली आहे.