श्यामरावच्या घरची झडती

पोलिसांची गाडी श्यामराव सेठच्या दारात उभी आहे, हे मला आईनं सांगितलं. मी अंगणात धानाची पोती शिवत होतो. आई, म्हणजे पार्वताबाई, दारात उभी राहून हसत होती. माझ्या केसनंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

"त्याचा पोरगा अमर गांजा ठेवते म्हने," ती म्हणाली. "पाह्यतो का जाऊन?"

चार वर्षांपूर्वी अशीच गाडी आमच्या दारात होती. गभने हवालदारानं आमच्या तणसाच्या ढिगातून दोन किलो गांजा काढला. ठेवलाही त्यानंच. मी तहसीलात चोरीच्या रेतीच्या ट्रॅक्टरांची तक्रार केली होती, एवढंच कारण. ट्रॅक्टर श्यामरावचे, आणि झडतीला पंचही श्यामरावच. झडती चालू होती तेव्हा हा माणूस चौकात पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा खात बसला होता. पंचनाम्यावर मात्र 'आमच्या समक्ष' म्हणून त्याची सही. कोर्टातही शपथेवर तेच बोलला.

वर्षभर जेलात सडलो. सुटलो तो नमुन्याचं सील चुकलं म्हणून, संशयाचा फायदा मिळून. वनरक्षक भरतीच्या यादीत लागलेलं माझं नाव चारित्र्य पडताळणीत गेलं. साहेब म्हणाले, निर्दोष वेगळं आणि संशयाचा फायदा वेगळा. तेव्हापासून मला श्यामरावच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: मी तिथं नव्हतो.

आणि तो स्वतःच आला. अनवाणी, धापा टाकत.

"या सेठ," आई म्हणाली. "पानी घेता का? का आमच्या घरचं अजून चालत नाही?"

"बाई, टाइम नाही. धर्मेंदर, बापू, पंच म्हनून चाल. फौजदार मॅडम नवीन हाय. गावचाच पंच पायजे म्हनते, न गावातलं कोनी येऊन नाही राहिलं."

कोण येईल? माझ्या केसपासून आमच्या गावात पोलीस दिसले की माणसं धानाच्या बांधीवर निघून जातात.

"गभनेनं धनीरामले आनला हाय," तो म्हणाला. धनीराम म्हणजे ठाण्यासमोरचा चहावाला. गभनेच्या प्रत्येक केसचा कायमचा पंच.

"मंग काय वाईट हाय?" मी म्हणालो. "सही चांगली करते तो."

"तो गभनेचा मानूस हाय. गभनेचं न माह्यं रेतीवरून फाटलं आता. माह्या पोराच्या घरात काही नाही, पन तो टाकते. तुले मालूम नाही का?"

"मले मालूम हाय. तुमाले कवा मालूम झालं?"

त्यानं हात जोडले.

"येतो मी," मी म्हणालो. "पन आधी मॅडमसमोर बोलाचं. माह्या घरच्या झडतीले तुमी कुठं होते, ते."

"शपथेवर बोललो हावो मी, बापू. मलेच आत टाकतील."

"मंग धनीराम हायच."

मी पुन्हा सुई उचलली. आई म्हणाली, "बसा सेठ, इथूनबी दिसते तुमचं घर." श्यामरावनं घराकडे पाहिलं. गभने ओसरीवर फिरत होता.

"चाल," तो म्हणाला.

आता नव्या कायद्यानं झडतीचं शूटिंग करावं लागतं. श्यामरावच्या ओसरीवर एक शिपाई मोबाईल धरून उभा होता. मॅडम अमरला सांगत होत्या, "अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर मागायचा तुला हक्क आहे." मला हे कोणी विचारलं नव्हतं. मला गभनेनं थोबाडीत मारून विचारलं होतं.

"मॅडम, मले एक सांगाचं हाय," श्यामराव म्हणाला.

अमर पांढरा पडला. "बाबा, नोका बोलू. राहू द्या पंच."

"तू चूप. तुह्यासाठीच करून राहिलो." आणि तो मोबाईलकडे पाहून बोलला. "धर्मेंदरच्या घरच्या झडतीले मी नव्हतो. पानठेल्यावर होतो. सही गभने हवालदारानं मागाहून घेतली. मी काहीच पाहिलं नाही."

"बंद कर ते," गभने शिपायावर ओरडला.

"चालू राहू दे," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, "आता माझी एक अट. घरात जायच्या आधी हवालदाराची झडती घ्या." गभनेनं माझ्याकडे असं पाहिलं की पूर्वीचा मी असतो तर घाबरलो असतो. मॅडमनी त्याला खिसे रिकामे करायला लावले. खर्र्याची पुडी, रुमाल, किल्ल्या. मोजेसुद्धा काढायला लावले. ते मी मागितलं होतं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

मग घर झालं. काही नाही. श्यामरावचा चेहरा उजळायला लागला. शेवटी गोठा. कोंड्याच्या पोत्यात मॅडमनीच हात घातला. गभने तेव्हा दाराबाहेर, अनवाणी उभा होता. पोत्यातून प्लास्टिकची पिशवी निघाली. उघडली तसा गोठाभर वास.

श्यामरावनं पोराकडे पाहिलं. अमरनं मान वर केली नाही.

"धर्मेंदर," श्यामराव माझ्या दंडाला धरून पुटपुटला, "तुले काही दिसलं नाही म्हन. मी बोललो ना तुह्यासाठी."

"तुमी खरं बोलले, शामरावजी. मीबी तेच करतो."

पिशवी माझ्या डोळ्यांसमोर तोलायला लावली. तीनशे ग्रॅम. गभने बाहेरून म्हणाला, "सव्वा किलो लिहा, मॅडम, वजनकाटा बराबर नाही." एका किलोच्या वर गेलं की पोराची वर्षं वाढतात, हे त्यालाही माहीत आणि मलाही. "तीनशेच लिवा," मी म्हणालो.

लिहून झालं तसा पंचनामा मी मोठ्यानं वाचला, अख्खं गाव ऐकेल असा. श्यामराव पायरीवर डोकं धरून बसला होता. त्याच्या पोरावर मी एक ग्रॅम जास्त चढू दिला नाही. एक ग्रॅम कमीही होऊ दिला नाही.

मग सही केली आणि मॅडमना म्हणालो, त्या शूटिंगची नक्कल मला पाहिजे, अर्ज कोणाच्या नावानं करू ते सांगा.