पडद्यावरचा दस्तगीर

"आत्म्याला मरण न्हाय! त्याला जगातली कुठलीच ताकद थांबवू शकत न्हाय!" गुंडू महाराजांनी दोन्ही हात वर करून सांगितलं, आणि लाईट गेली. पडदा काळा झाला. आत्मा थांबला. जनरेटर सुरू होईपर्यंत भक्तांनी कळ काढली, आत्म्यानंही काढली.

१९८७ सालची ही गोष्ट, कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसातली. संगणकाच्या खोलीत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम होता आणि यंत्र तापू नये म्हणून आत गारठा ठेवलेला. अनवाणी पाय, थंडगार खोली आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं एवढं जमल्यावर देवस्थान व्हायला कितीसा वेळ लागतो? दोन-तीन दिवसांत दारात नारळ फुटला आणि आत गुंडू महाराज येऊन बसले.

गर्दीत सगळ्यांत मागं नजीरा उभी होती. पडद्यावर बोलत होता तो तिचा नवरा, दस्तगीर. पाच महिन्यांपूर्वी तो तापानं गेला. कारखान्याच्या हिशेबाचे सगळे प्रोग्राम त्यानंच लिहिलेले. जुन्या यंत्रापुढं त्याच्याशिवाय कुणी बसतही नसे. मग नवं यंत्र आलं. जुन्याला कोबॉल नावाची भाषा कळायची, नव्याला बेसिक. पुण्याचा इंजिनिअर एक फ्लॉपी घेऊन आला. तिच्यातल्या करामतीनं एका भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या भाषेत होऊन निघायचा. दस्तगीरचे प्रोग्राम तसे करून देऊन, फ्लॉपी इथंच ठेवून तो दुपारच्या गाडीनं परत गेला. दुसऱ्या दिवशी ऑपरेटर बाळासोनं बटण दाबलं, आणि इंग्रजी अक्षरांत अस्सल कोल्हापुरी उमटलं: "थांब की जरा. कुठं पळाय लागलाईस?"

त्या खोलीत आणायला सक्त मनाई असलेला चहा बाळासोच्या हातून पडला.

घरातही दस्तगीर हेच म्हणायचा. नजीरानं ते वाचलं तेव्हा तिला रडू आलं नाही. मान वळवून मागं बघावंसं वाटलं, इतकं ते जवळून आलं.

कारखान्यानं दस्तगीरच्या जागी तिलाच घ्यायचं ठरवलं होतं. सोमवारी हजर व्हायचं. घरात लहानगी लेक, शहाजादी. कमावतं कुणी नाही. तरी शहाजादीच्या अब्बांना विचारल्याशिवाय कसं जायचं? महाराजांनी तिचा प्रश्न टाइप केला: नजीरानं कामाला यावं का?

यंत्र घरघरलं. "चुकतंय बघ. घरी जा."

"वाचलंस, पोरी? दादल्याचा शब्द मोडू नगंस," महाराज म्हणाले. "ह्या जागेचा भार माझा भाचा सोसंल. त्यानं यावं का, इचारतो." त्यांनी डोळे मिटून हलकेच एक 'बीजमंत्र' दाबला.

"शाब्बास. पुढं चल."

गर्दीनं हात जोडले. चेअरमन हंबीररावांनी तर डोळेही पुसले.

नजीराच्या शेजारी तानाबाई राहायच्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. सुट्टीत संगणकाचा वर्गही करून आल्या होत्या.

"सोमवारी जातीयस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"शहाजादीचे अब्बा नको म्हंत्यात, बाई."

तानाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. "जितेपणी कधी म्हटलं त्यांनी, घरात बस म्हणून?"

"न्हाय. टायपिंगला त्यांनीच घातलं."

"मग मेल्यावर मत फिरलं व्हय? चल माझ्यासंगं."

ऑफिसात पोचताच तानाबाईंनी महाराजांना बाजूला सारून टाइप केलं: गुंडू महाराज थोर आहेत का?

"चुकतंय बघ. घरी जा."

कुणीतरी फिसकन हसलं.

"आत्मा कोपलाय!" महाराज ओरडले.

"मग शांत करूया की." बाईंनी मनाला येईल तो आकडा दाबला. "शाब्बास. पुढं चल," पडदा म्हणाला. "बघा. प्रोग्राम सभासदाचा नंबर मागतोय. आकडा दिला की शाब्बास, अक्षरं दिली की घरी जा. हाच तुमचा बीजमंत्र!"

"पण बोलणं दस्तगीरचंच की, ओ बाई!" हंबीरराव कळवळून म्हणाले.

बाईंनी बाळासोकडून जुना प्रोग्राम घेतला, त्यात अवतरणचिन्हांत एक ओळ घातली आणि फ्लॉपीकडून त्याचं बेसिक करून चालवलं. पडद्यावर आलं: "मी हंबीरराव. ह्या खोक्यात अडकलोय. सोडवा."

हंबीररावांनी आधी स्वतःची नाडी बघितली.

"ही फ्लॉपी फक्त हुकूम बदलते," बाई म्हणाल्या. "बेरीज कर, छाप, थांब, एवढेच. अवतरणातली वाक्यं तिला कळत नाहीत, म्हणून ती आहेत तशीच पलीकडं ठेवते. चुकीचा नंबर पडला की स्वतःचीच चेष्टा करायला दस्तगीरभाईंनी जिवंतपणी लिहिलेली वाक्यं ही. मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी प्रश्न बदलून बघत जावा. काहीही विचारलं तरी तेच येत असेल, तर ते उत्तर नव्हे."

महाराजांना बाहेर कुणालातरी भेटायचं आठवलं.

खोली रिकामी झाली. यंत्र घरघरत राहिलं.

"म्हंजे हे न्हाईतच?" नजीरानं विचारलं.

"न्हाईत, नजीरा."

दस्तगीर दुसऱ्यांदा गेला. या खेपेला सांत्वनाला कुणी आलं नाही.

सोमवारी हंबीररावांनी नव्या ऑपरेटरच्या स्वागताला विज्ञाननिष्ठेवर भाषण ठोकलं. आजपासून हा कारखाना विवेकाच्या उजेडात ऊस गाळणार, असं जाहीर करून ते टाळ्यांसाठी थांबले. तेवढ्या शांततेत दस्तगीरच्या खुर्चीत बसलेली नजीरा बाळासोकडं वळून म्हणाली, "भाऊ, खुर्ची जरा खाली करा की. पाय टेकंनात."