पूजेतली पहार

आमचे हे, त्र्यंबकराव, इकडे तमिळ मुलखात पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं काशी-रामेश्वर करतात. ह्यांनी एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून लोखंड कातायचं दीडशे किलोचं जुनं लेथ मशीन घरी आणलं आणि त्यावर हातभर लांबीचं वाफेचं इंजिन घडवायला घेतलं. विल्लिवाक्कमचं आमचं घर तळमजल्यावर, दोन खोल्या आणि मागे व्हरांडा. मशीन व्हरांड्यात बसलं. मी त्याला सवत म्हणायची आणि हे हसायचे.

त्या सवतीला हलवणं म्हणजे सोहळा. पोंगलच्या आधी घर साफ करताना ते सरकवावं लागे, पण हे कधीही उचलत नसत. आधी चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, काढायचा, मोटर काढायची, सुटं होईल तेवढं सुटं करून एकेक नेऊन ठेवायचं. मग पहारीने एक टोक बोटभर वर, खाली लाकडी पाचर. मग दुसरं टोक. मग खाली पाण्याच्या पाइपाचे तीन तुकडे घालून हलकेच ढकलायचं, आणि मागचा तुकडा मोकळा झाला की पुढे आणून ठेवायचा. दहा फुटांना अख्खी सकाळ जाई. मी दारात उभी राहून म्हणायची, एवढ्यात मुंगी सेंट्रल स्टेशनला पोचली असती. हे शांतपणे म्हणायचे, "शशी, वजनाचं काम पाठीला सांगायचं नाही. पहारीला सांगायचं."

मी मूळची सांगलीची. आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पण पुजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, ही इथली रीत मी शेजारच्या कामाक्षीकडून घेतली, आणि घेतली ती अशी की तिच्यापेक्षा मीच कडक झाले. परक्या गावची रीत पाळायची तर लोकांनी नावं ठेवता कामा नयेत, हा माझा जुना खाक्या. दोन हजार पाचच्या आयुधपूजेला, म्हणजे इथल्या खंडेनवमीला, मी ह्यांचे नट आवळायचे पाने, कानशी, पहार, पाचरी, पाइपाचे तुकडे, सगळं पुसून, चंदन-कुंकू लावून देवीसमोर मांडलं.

दुपारी चारला पूर्वेकडून पाऊस आला. व्हरांड्याचा बांबूचा पडदा वाऱ्याने तुटला आणि पाणी थेट मशीनवर यायला लागलं. हे धावत आले, म्हणाले पहार दे, आत सरकवतो. मी पूजेसमोर आडवी उभी राहिले. म्हटलं, उद्या सकाळी, आज ती देवीची आहे. वर प्लास्टिक टाका. हे म्हणाले, प्लास्टिकखाली ओल धरते, गंज चढेल, महिनाभर घासून मशीनच्या पट्ट्या सरळ केल्यात. मी तरी हलले नाही. वर जे बोलले ते कुणीतरी माझ्या तोंडातून परत घ्यावं असं आजही वाटतं. मी म्हटलं, "तेहेतीस वर्षं रेल्वेचे डबे उचललेत ना, मग एवढं हाताने उचलत नाही?"

ह्यांना मला बाजूला सारता आलं असतं. लग्नानंतर एकदाही त्यांनी तसं केलं नव्हतं, त्या दिवशीही केलं नाही. सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपनीतून आमचा मुलगा देवेश सुट्टीला घरी आला होता, त्याने एक टोक धरलं, ह्यांनी दुसरं. उंबऱ्याशी ओल्या फरशीवर देवेशचा पाय घसरला आणि सगळा भार ह्यांच्यावर आला. ह्यांनी मशीन नीट खाली टेकवलं आणि तसेच वाकलेले राहिले.

मणक्यातली चकती सरकली होती. ऑपरेशन झालं, डावा पाय बधिर झाला तो झालाच. काठी आली. दहा मिनिटांवर उभं राहवेना, आणि लेथचं काम सगळं उभ्याने. इंजिनाची तीन चाकं झाली होती. चौथं राहिलं, तिथे आसाखाली काड्यापेटी ठेवून ह्यांनी इंजिन फळीवर उभं केलं.

कामाक्षी हॉस्पिटलात भेटायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती बिचारी गोंधळलीच. म्हणाली, अगं, अडचण आली तर एक फूल वाहायचं, क्षमा मागायची आणि उचलायचं. तिचे यजमान दर आयुधपूजेला पुजलेली स्कूटर काढून ड्यूटीवर जायचे. मी जिन्यात जाऊन बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

त्यानंतर मी पहार पूजेत कधी मांडली नाही. व्हरांड्याच्या दाराशी, हाताला येईल अशी ठेवायची. हे बघायचे आणि काठी टेकत पुढे जायचे. मला एवढंच हवं होतं की ह्यांनी एकदा तरी मला बोल लावावा. एकदा म्हणावं, तुझ्यामुळे. म्हणजे मला पाय धरता आले असते. तीन वर्षं मी त्या एका वाक्याची वाट पाहिली.

तिसऱ्या वर्षी ह्यांनीच मशीन देऊन टाकायचं ठरवलं. कारखान्यात ह्यांच्या हाताखाली शिकलेल्या चंद्रमौळीचं गुम्मिडिपूंडीला वर्कशॉप होतं. तो टेम्पो आणि चार हमाल घेऊन आला. हमालांनी दोर टाकून उचलायची तयारी केली, तशी मी पहार घेऊन पुढे झाले. माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, कुणी पाठ लावायची नाही. चक मी काढला, मोटर चंद्रमौळीने. बोटभर वर, पाचर, पाइप. हे खुर्चीत बसून बघत होते. एकदाच म्हणाले, पाचर जरा डावीकडे. दारापर्यंत अख्खी सकाळ गेली. टेम्पो गेला आणि व्हरांड्याच्या फरशीवर गंजाचे चार डाग राहिले.

आठ दिवसांनी आयुधपूजा आली. मी पाने, कानशी, माझी कात्री, देवेशचा लॅपटॉप मांडला. हे काठी टेकत दारापर्यंत गेले आणि पहारीकडे बघत म्हणाले, "शशी, हीसुद्धा मांड आता."

मी म्हटलं, राहू दे तिथेच, मध्येच लागली तर.

"आता काय सरकवायचंय?" हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी किती शोधला, पण नव्हता.

मी पहार उचलायला वाकले.

"अशी वाकू नकोस," हे म्हणाले. "पाठ जाईल. गुडघ्यात बस, मग उचल."

मी गुडघ्यात बसले. मला उठायला बराच वेळ लागला.