कोपराची जागा

चुंबक चिकटलं नाही. करंगळीच्या पेराएवढं, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं ते चुंबक नागपूरहून आलेल्या त्या माणसानं गाडीच्या दारावर हलक्या हातानं टेकवलं, बोटं काढून घेतली, आणि ते नव्या चकचकीत हिरव्या रंगावरून घसरत खाली येऊन त्याच्याच तळहातात पडलं. त्यानं जरा पुढं लावून पाहिलं. तिथं बसलं. मागं… तिथंही बसलं. पुन्हा मधे, काचेच्या खाली, दाराच्या कडेला — घसरलं. लीलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत अंगणात उभी होती. चुंबकाचं कोडं तिला उमगत नव्हतं. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबून पाहणारी बोटं तिनं गेल्या सात महिन्यांत सावंगीच्या दवाखान्यात पुष्कळ पाहिली होती, आणि दुखणं सापडल्यावर डॉक्टरांचा चेहरा असाच कोरा होतो हेही.

"काकू, इथं पुट्टी भरली का? चुंबक पत्र्यालेच धरते."

"हो जी, भाऊ. पत्रा उघडा पडला होता तिथं. थोडा दबलाही होता."

"अन् हा कलर कवा मारला?"

"मांगच्या हप्त्यात." तिच्या आवाजात थोडा अभिमान उतरला. "तुमी येनार म्हनून."

तो माणूस — नागेश त्याचं नाव, तिच्या मुलानं, राकेशनं फोनवर सांगितलं होतं, जुन्या गाड्यांचा शौकीन, भला माणूस — दोन पावलं मागं सरकला. त्यानं खिशातून मोबाइल काढला, त्यावरचा एक फोटो पाहिला, मग गाडीकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं. दोन महिन्यांपूर्वी राकेश पुण्याहून आला होता तेव्हा त्यानं काढलेला फोटो असावा. त्यात ती गाडी जशी होती तशी… शेवाळी, विटकी, बॉनेटवर भेगाळलेली, दाराच्या कडेला कोपराएवढा पत्रा उघडा. मुलगी दाखवायला बसवावी आणि पाहुण्यांनी मुलीकडं न पाहता तिच्या आईकडं बघत राहावं, तसं तिला झालं.

तिनं केलं तरी काय होतं? पाहुणे येणार म्हटल्यावर दाराला पोतेरं फिरवतो, पोरीच्या अंगाला हळद लावतो, तेच. हैदराबादकडं जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक रंगवणारा प्रेमदास, हिंगणघाटात त्याच्यासारखा हात नाही, त्याला तिनं बोलावून घेतलं. आणि तोही भला, तिच्या नवऱ्याची, चंद्रभान मिस्त्रीची गाडी म्हणून सामानापुरते पैसे घेऊन चार दिवस अंगणात राबला. मशीन लावून जुना रंग पार खालपर्यंत काढला, पुट्टी भरली, घासली, नवा रंग दिला. "मावशी, नवरी दिसून राह्यली नवरी!" म्हणाला. कापसाच्या जिनिंगमधून उडालेली रुई त्या दिवशी वाऱ्यावर होती आणि ओल्या रंगात दोन-तीन तंतू अडकलेच; ते तेवढे तिला खटकले होते. बाकी सगळं देखणं. शेजारची शोभाबाई कुंपणावरून म्हणाली होती, "अवं माय, आता तिलेच पोरगं पाहाले येते का बुढ्यापनी? आपल्याले तर कोनी एवढं सजवलं नाई." दोघी हसल्या होत्या. कितीतरी दिवसांनी हसल्या होत्या.

नागेश दाराशी वाकला. दाराचं हँडल त्यानं बोटांत धरलं आणि ओढलं, दाबलं नाही. नवा माणूस नेहमी आधी दाबायला जातो, बटण शोधतो, आणि तिचे हे लांबून बघत मिशीत हसायचे… ह्या माणसाला ठाऊक होतं.

"पह्यल्या पिढीची हाय, काकू," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ झाला. "हे ओढाचं हँडल पह्यल्या काही सालच्याच गाड्यायले होतं. मंग बटन आलं. बटनवाल्या भेटतात, पैसे मोजले का भेटतात. ह्या नाई भेटत. मी इतकी वर्षं ढूंढून राह्यलो." त्यानं श्वास सोडला. "अन् त्यातही कारखान्यातून निंगाली तवाच्या रंगात. त्याच्यासाठीच आलतो मी."

"पन तो रंग तर पार गेला होता, भाऊ."

"गेला नव्हता, काकू. जुना झाला होता."

इतकंच. रागावला असता तर बरं झालं असतं. तो झुलत्या बंगईच्या कडेवर टेकला आणि समजावून सांगू लागला. तिच्या लहानपणी राममंदिरात बुवा निरूपण करायचे तसं, एकेक पायरी उतरत. पिढी काही बदलत नाही. ती जन्माबरोबर येते. हालत बदलते. आणि हालत म्हणजे चकचक नव्हे. रंग हजारदा देता येतो, पण पहिला रंग तो पहिलाच. तो असला की खालचा पत्रा खोटा नाही, कुठं ठोकाठोकी नाही, हे घेणाऱ्याला न सांगता कळतं. नंतरच्या पिढीची कितीही सजवली तरी तिचा एक ठरलेला भाव. पहिल्या पिढीची, पहिल्या अंगाची असली तर तिला भावच नाही, मागेल तो आकडा. आता मात्र… आता ही पहिल्या पिढीची असूनही तिला नंतरच्यांचाच भाव. तो आकडा त्यानं सांगितला. राकेशनं फोनवर सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून खाली.

लीलाबाईनं मान डोलावली. कीर्तनात न कळलेल्या ओवीलाही आपण मान डोलावतो तशी. पण कळत होतं. निम्म्याहून खाली म्हणजे पुणं. राकेशशी ठरलंच होतं तसं: गाडीचे चांगले आले तर यांना उचलायला, अंघोळीला, दिवसरात्र एक माणूस ठेवायचा आणि दोघांनी इथंच राहायचं, या घरात, या अंगणात, देवळातली टाळी ऐकू येते त्या अंतरावर. नाहीतर तिसऱ्या मजल्यावरचा त्याचा फ्लॅट, खिडकीला जाळी, सूनबाई चांगली पण नोकरीवाली, आणि हे एका खोलीत भिंतीकडं तोंड करून… मी सोन्यासारखी गाडी घासून टाकली. मी माझ्या हातांनी घासली. प्रेमदासचं मशीन बंद पडलं तेव्हा घासायचा कागद घेऊन मीच बसले नव्हते का दाराशी?

"मिस्त्री राह्यले असते तर हे होऊ देलं नसतं," नागेश हळूच म्हणाला.

"आहेत ना ते," ती म्हणाली. "आत आहेत."

तो ताडकन उठला. ओशाळला. राकेशनं लकव्याचं सांगितलं नसावं, किंवा सांगून तो विसरला असावा. "मी पाया पडून येतो," म्हणाला आणि चपला काढून आत गेला, ती मागोमाग.

खाटेवर चंद्रभान उताणे होते. मिलच्या गाड्या ज्यांच्या हातावर चालल्या, मिल बंद झाल्यावर मुंबईला निघालेल्या मालकांनी ही दोन सीटांची इंग्रजी गाडी कागदांवर सह्या करून ज्यांच्या हवाली केली, तो माणूस. उजवी बाजू गेलेली, तोंड किंचित वाकडं, शब्द नाही. पहिला महिनाभर ती त्यांच्याशी बोलताना उत्तराची वाट पाहायची. डॉक्टर म्हणाले होते, समज किती उरली हे आत्ताच सांगता येत नाही, बोलत राहा. ती बोलत राहिली. फक्त वाट पाहणं केव्हातरी सुटलं. आणि मग बोलणं कसं मोकळं झालं. एकदा कीर्तनात बुवा म्हणाले होते की मूर्तीपुढं माणूस खरं बोलतो, कारण मूर्ती उलट बोलत नाही. मंडप हसला होता. तीही.

नागेश पाया पडला. खाटेशी उकिडवा बसला. समोरच्याला समजतं की नाही, ही शंका त्याला शिवलीच नाही. एका शौकिनानं दुसऱ्या शौकिनाशी बोलावं तसा तो बोलला. "बाबा, मी नागपूरचा नागेश. तुमची गाडी पाहाले आलो. पह्यल्या पिढीची ना? ओढाच्या हँडलची?"

चादरीवरचा डावा हात हलला. चार बोटं आकड्यासारखी वळली, आणि हवेतल्या हवेत काहीतरी त्यांनी स्वतःकडं ओढलं. एकदा. मग पुन्हा, सावकाश, बजावल्यासारखं. दाबायचं नाही — ओढायचं.

"बस्स!" नागेश हसला. "कारीगर मानूस. बटन नाई, नाई का?"

चंद्रभानच्या घशातून आवाज आला. वाकड्या तोंडाचा वर राहिलेला कोपरा आणखी वर गेला. सात महिन्यांत ती ज्याला नुसता चाळा म्हणत आली होती, ते हसू होतं.

नागेश त्यांचा हात थोपटून उठला. अंगणात जाता जाता म्हणाला, "काकू, आजच सांगा असं काई नाई. विचार करून सांगजा. मी वाईट भावात नेनार नाई, पन खोटाही देऊ शकत नाई." फाटकाशी थांबून त्यानं गाडीकडं एकदा वळून पाहिलं, मग गेला.

ती ओट्यावर बसली. समोर गाडी उन्हात नुसती चकाकत होती, डोळ्याला टोचत होती. दाराच्या कडेला आता काही नव्हतं. तिथं यांचं कोपर असायचं. छताचा टप उघडा, एक हात स्टिअरिंगवर, एक कोपर बाहेर. हिंगणघाटहून वर्ध्याला, हिंगणीच्या जंगलाकडं, राकेश पोटात असताना तिला घेऊन एकदा बोरच्या धरणापर्यंत… एवढ्या वर्षांत त्या कोपरानं रंग खाल्ला, मग त्याखालचा लाल थर, मग पत्रा दबत गेला. एका ठेकेदारानं फुकट रंगवून देतो म्हटलं होतं तर हे उखडले होते, "सालटंच काढलं मंग राह्यलं काय?" ती तेव्हा चहा घेऊन आली होती आणि तिनं ते ऐकलं होतं. आणि आणखी एकदा, "लीला, हे मी माह्यासाठी ठेवली नाई. हिले तशीच राहू दे." तिला वाटलं, सवतीचा लळा आहे, गोड बोलून झाकतात.

प्रेमदास आला त्या दिवशी सकाळी यांनी घास घेतला नव्हता. मशीनचा आवाज सुरू झाला आणि खाटेच्या लोखंडावर डावा हात आपटायला लागला. टक. टक. टक. ती धावत गेली. हातातली बांगडी काढून ठेवावी तसा तिनं तो हात खाटेवरून उचलून चादरीत घातला. "तुमची लाडकी चालली म्हनून का जी हे? अन् मी? माह्यं काय?" असं म्हणाली होती. चिडून. दोन दिवस त्यांचं तोंड भिंतीकडं होतं. तिनं मनात गाठ मारली की या माणसाला शेवटीही बायकोपेक्षा गाडी प्यारी. विकू नको म्हणून हा तमाशा. आणि त्या रागात ती स्वतः कागद घेऊन दाराशी बसली, त्या कोपराच्या जागेवर. जोर लावून.

ते विकू नको म्हणत नव्हते. ते म्हणत होते… विक, पण अशी नको. तुझ्यासाठी ठेवली ती खरवडू नको. भिंतीच्या पलीकडं एकेक थर निघताना ऐकत होते, आणि प्रत्येक थराबरोबर काय जातंय ते या घरात त्यांना एकट्याला ठाऊक होतं.

असंच असेल का? की मी आता पुन्हा माझ्याच मनातलं त्यांच्या तोंडी घालते आहे?

पण हात ओढला होता त्यांनी. हँडल ओढलं होतं. आत माणूस आहे. सगळा आहे. आणि मग तो फक्त काल-परवापासून आहे असं नाही; तो सात महिने आहे. प्रत्येक दिवशी होता. तिनं त्यांच्यादेखत राकेशला फोनवर सांगितलेलं, की आता हे काही माणसात नाहीत. त्यांची चादर बदलताना नाक मुरडून देवाला घातलेली साकडी. आणि पोळ्याच्या दिवशी, खाटेच्या उशाशीच बसून, शोभाबाईला… शोभाबाई म्हणाली होती, "किती करशीन बाई तू." आणि ती म्हणाली होती, अगदी सरळ, डोळ्यात पाणी नसताना, "सोडवावं म्हनते आता देवानं. त्यायलेही सोडवावं अन् मलेही." त्या वेळी यांचे डोळे उघडे होते. आढ्याकडं होते. ती त्यांना ओलांडून पाण्याचा तांब्या घ्यायला वाकली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भरवलेला घास त्यांनी घेतला होता. रोज घेत होते. न घेतलेला एकच, तो त्या मशीनच्या दिवशीचा.

ऊन उतरलं. रस्त्यानं कापसाची गाडी गेली. जेवणाची वेळ टळून गेली होती. खिचडी गार झाली होती. लीलाबाईनं उठून ती गरम केली, वाटीत काढली, चमचा घेतला, आणि रोजच्यासारखी तरातरा खोलीकडं निघाली. उंबऱ्याशी पाय अडला. विस्कटलेले केस, ओचा खोचलेला, ब्लाउजचा वरचा हूक सुटलेला. गेले सात महिने ती अशीच आत जायची, रिकाम्या खोलीत जावं तशी. तिनं वाटी कोनाड्यात ठेवली. हूक लावला. ओचा सोडला. पदर ओढून डोक्यावर घेतला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी घ्यायची तसा, पार कपाळापर्यंत. काय म्हणायचं आत जाऊन? गाडीचं? की आधी पोळ्याचं? माफी मागितली तर ते मान वळवतील की नाही, आणि वळवली तर ती कुठल्या अर्थानं, हे तिला वाचता येईल का?

आतून खाट किंचित करकरली. तिथं कोणीतरी जागं होतं, आणि तिची वाट पाहत होतं.

लीलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. परपुरुष बसलेल्या खोलीत जाण्याआधी करतात तसा तिनं घसा खाकरला, आणि उत्तर येईपर्यंत थांबली.