हद्दीचा दगड

तितस नुमिसियसने आपल्यापुढे चालणाऱ्या दंडधाऱ्यांच्या छड्यांच्या मोळीवरची, विजयाची खूण म्हणून खोचलेली लॉरेलची सुकलेली पानं खुडली आणि ताजी डहाळी खोचायला घेतली. काम खरं तर नोकराचं. पण चौदा महिने रोमच्या वेशीबाहेर भाड्याच्या घरात बसून राहिलेल्या सेनापतीला दुसरं काम तरी काय होतं?

हिस्पानियातल्या डोंगरी टोळ्यांना नमवून तो परतला होता. शहरातून विजययात्रा काढायची तर सिनेटची मंजुरी हवी, आणि यात्रेच्या दिवसापर्यंत शहराच्या हद्दीच्या दगडापलीकडे पाऊल टाकायचं नाही. टाकलं की सेनापतिपद तिथंच संपलं, यात्राही गेली. सिनेटमध्ये त्याला पाण्यात पाहणारे काही कमी नव्हते. शत्रूचे पाच हजार खरंच मेले का, एवढाच घोळ ते वर्षभर घालत बसले होते.

सुरुवातीला त्याची बायको वेतिलिया पालखीतून भेटायला यायची, येताना अंजीर आणायची. मग तिनं अंथरूण धरलं.

मुलगी नुमिसिया आली ती बसलीच नाही.

“वैद्य म्हणतो, आजचा दिवस निघाला तर निघाला.”

“पालखीतून आणता नाही येणार?”

“जिन्यातच जीव जाईल तिचा. बाबा, दगडापासून घर तीनशे पावलांवर आहे.”

“उद्या मतदान आहे.”

“गेल्या महिन्यातही उद्याच होतं.”

तो डहाळी घट्ट बसवत राहिला.

“शेवटचा श्वास नवऱ्यानं टिपायचा असतो,” ती म्हणाली. “डोळे त्यानं मिटायचे. ती सारखी दाराकडे बघतेय हो.”

“तू आहेस ना.”

नुमिसिया निघून गेली. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. वाटत मात्र काही नव्हतं. हिस्पानियातही असंच व्हायचं, लढाई संपल्यावर माणसं रडायची आणि तो घोड्याचे खूर तपासत बसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेतिलिया आली. रोममध्ये मेलेल्या माणसाला हद्दीबाहेर आणूनच जाळतात, त्यामुळे तिला कुणाची मंजुरी लागली नाही. पुढे बासरीवाले, मागे खांद्यावर ती.

चितेवर ठेवल्यावर मिटलेले डोळे पुन्हा उघडायचे असतात, आकाश दिसावं म्हणून. नुमिसिया बाजूला झाली.

“एवढं तरी करा.”

त्यानं अंगठ्यानं एकेक पापणी वर सारली. पापण्या गार पडल्या होत्या. मग रीतीप्रमाणे तोंड फिरवून त्यानं चितेला आग दिली.

जाळ चांगला पेटला होता, तेवढ्यात प्रमुख दंडधारी व्हिबियस धावत आला. हा त्याचा हिस्पानियातला जुना शिपाई.

“सेनापती, मंजूर! दहाव्या दिवशी यात्रा! एकजणही विरोधात गेला नाही...” चितेकडे लक्ष गेलं तशी त्यानं जीभ चावली.

“बरं,” तितस म्हणाला.

निखारे विझवायला द्राक्षाची दारू शिंपडून झाली, अस्थी गोळा झाल्या. कलश घेऊन घरची माणसं समाधीकडे गेली, परतली, आणि वेशीकडे चालू लागली. तितस त्यांच्यामागून चालत राहिला. हद्दीच्या दगडापाशी मोळ्या घेतलेले दंडधारी थबकले.

“साहेब,” व्हिबियस हलक्या आवाजात म्हणाला, “दगड आला.”

तितसनं दगडाकडे पाहिलं. गुडघ्याएवढा, एका बाजूला शेवाळ धरलेला. तो त्याच्या शेजारून पुढे गेला.

“दहाच दिवस होते हो, साहेब!”

मागून व्हिबियसचा आवाज फुटला. नुमिसिया वळली. बाप दगड ओलांडून आत उभा होता आणि त्याच्या हातांना अजून राख होती. तिचा चेहरा रागानं लाल झाला.

“काल यायचं होतं, बाबा.”

“हो,” तो म्हणाला. थोडं चालल्यावर त्यानं विचारलं, “ती आजारी पडल्यावर खोली बदलली होती ना? कुठली दिली होती तिला?”