मोहोरबंद तंगडी

माझा साडू कोंबडी विकायचा, पण अख्खी. तुकडे करून देणं म्हणजे त्याला आईबापांची वाटणी केल्यासारखं वाटायचं. एकदा एक बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "मला नुसत्या दोन तंगड्या द्या. मान नको, पाठ नको, पंख नकोत. हाडांचे पैसे मी कशाला मोजू?"

"बाई," साडू म्हणाला, "लग्न करताना नवऱ्याचा नुसता पगार घरी आणलात का? सासू, दीर, घोरणं, सगळं आलंच ना पदरात?"

बाई फणकाऱ्याने निघाल्या त्या थेट पुढच्या रस्त्यावर. तिथे थंडगार काचेमागे तंगड्या वेगळ्या, छात्या वेगळ्या मांडून ठेवलेल्या असत. तिथून त्यांनी दोन तंगड्या घेतल्या आणि पैसे मोजले अख्ख्या कोंबडीचे. साडूला याचंच दुःख. "कोंबडीचे पैसे देऊन दोन पाय घरी नेतात," तो म्हणायचा, "आणि महागडा कोण? मी!"

कोंबडी मात्र त्याची नंबरी. मी अतिशयोक्ती करत नाही, आमच्या घराण्यात ती कोणी केलेली नाही; पण त्याची कोंबडी चुलीवर चढली की शेजारपाजारचे लोक त्या वासावर कोरडा पाव खाऊन ढेकर देत. मासेवाल्याच्या मांजरीने त्या वासापायी मासे सोडले होते. ती दिवसभर याच्या पायरीवर बसे, देवळाच्या पायरीवर बसावं तशी.

पण वासाने गल्ला भरत नाही. गिऱ्हाईक आटत गेलं. आमच्या मेव्हण्याचं, म्हणजे आम्हा दोघांच्या बायकांच्या थोरल्या भावाचं, साबणाचं मोठं दुकान होतं. त्याचा निरोप सारखा यायचा, "दुकान बंद कर आणि माझ्याकडे काट्यावर येऊन बस. कमीपणा मानू नकोस." मेव्हण्याच्या हाताखाली साबणाच्या वड्या मोजायच्या, या कल्पनेनेच साडूच्या तोंडाला फेस यायचा.

तेवढ्यात गावाबाहेरच्या गाद्यांच्या कारखान्याने जाहीर केलं की कामगारांच्या खानावळीसाठी दर आठवड्याला कोंबड्या हव्यात. अख्ख्या! हाडांचं सूप करायचं, मांसाचं जेवण.

"बघितलंत, साडूभाऊ?" साडू मला म्हणाला. "जगात अक्कल अजून शिल्लक आहे."

कंत्राट मिळालं तर दुकान तरलं, नाही मिळालं तर साबण. इतकं ते सरळ होतं.

अट एकच होती. दर्जा तपासायला कारखान्याने तिघांची समिती नेमली होती: हिशेबनीस, भांडारप्रमुख आणि कारखान्याचा डॉक्टर. विक्रेत्याने नमुन्याची एक कोंबडी शिजवून आणायची आणि समितीने ती चाखायची. हिशेबनीस समितीचे अध्यक्ष. ते पहिल्याच बुधवारी म्हणाले, "एका घासावरून अख्ख्या कोंबडीची परीक्षा होत नाही." तिघांनी मिळून परीक्षा पूर्ण केली. हाडंसुद्धा अशी तपासली की पायरीवरची मांजर नंतर नुसती हुंगून निघून गेली असती.

"दर्जा उत्तम वाटतो," अध्यक्ष हात पुसत म्हणाले. "तथापि खात्रीसाठी पुढच्या बुधवारी पुन्हा आणावी."

पुढच्या बुधवारी भाजून नेली. मत पडलं, "उत्तम. पण उकडल्यावर कशी लागते ते पाहिलं पाहिजे." उकडून नेली. "आता थंड झाल्यावर." थंड नेली. "पावसाळी हवेत फरक पडतो का?" दुसरे दोन विक्रेते कोंबड्या नेऊन नेऊन कंटाळले आणि शर्यतीतून पळाले. समिती मात्र अंगाने भरत गेली. डॉक्टर घरून लिंबू आणू लागला. भांडारप्रमुखाच्या खुर्चीने एका बुधवारी मान टाकली, तेव्हा त्याने भांडारातून स्वतःसाठी बाक मंजूर करून घेतला. खानावळीत इकडे कामगार रोज भोपळा खात होते. त्यांना सांगितलं जाई, "तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं. दर्जाशी तडजोड नाही!"

साडू प्रत्येक नकारानंतर आणखी चांगली कोंबडी शोधी. तिला मका चारी, पाणी गाळून पाजी, ऊन लागलं तर तिच्यावर छत्री धरून उभा राही. एवढी बडदास्त त्याने लग्नात माझ्या मेहुणीची ठेवली नव्हती.

"कुठंतरी कमी पडतोय मी," तो म्हणायचा.

"अहो, तुम्ही कमी पडत नाही आहात," मेहुणी म्हणायची. "जास्त पडताय! ज्या दिवशी ते हो म्हणतील, त्या दिवशी त्यांचं जेवण बंद. इतकी चांगली कोंबडी फुकट येत असताना हो कोण म्हणेल?"

"तुला दर्जातलं काय कळतं?"

"मला माणसातलं कळतं," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "भावोजी, तुम्ही तरी सांगा यांना."

मी सांगितलं. साडूने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच साबणवाला.

मग तो बुधवार आला. मेव्हण्याने साडूला सकाळीच बोलावून घेतलं होतं, "काटा कसा चालतो ते बघून तरी जा." साडूने सगळ्यात गुबगुबीत कोंबडी मेहुणीच्या हवाली केली, कशी शिजवायची ते चारदा सांगितलं आणि फाशीला निघाल्यासारखा साबणाच्या दुकानाकडे गेला.

मेहुणीने ती कोंबडी मागच्या अंगणात टोपलीखाली झाकली. मग गल्ल्याखाली हात घालून थोरलीला बाहेर ओढलं.

थोरली म्हणजे दुकानातली सगळ्यात म्हातारी कोंबडी. तिला विकत कोणी घेत नव्हतं आणि कापायला साडूचा हात होत नव्हता. अंडी देणं तिने कधीच सोडलं होतं. ती आता फक्त सल्ले देत असावी, असा तिचा चेहरा होता. मेहुणीचा हात मात्र झाला; तिने थोरलीला कापून कुकरात घातलं आणि चांगल्या धडधडत्या गॅसवर चढवलं. कुकरने शिट्ट्या मारून मारून शेवटी एक उसासा टाकला. झाकण काढून पाहिलं तर थोरली जशीच्या तशी. पाण्याचा रंग मात्र भीतीने पांढरा झाला होता. मेहुणीने डबा भरला आणि स्वतः घेऊन गेली.

पुढचं मला खानावळीच्या आचाऱ्याने सांगितलं. डॉक्टरने लिंबू पिळलं, ते थोरलीवरून घरंगळून गेलं. भांडारप्रमुखाचा काटा वाकला. अध्यक्षांनी एक घास तोंडात घेतला. बराच वेळ त्यांचा जबडा हलत होता आणि कपाळावरची शीर ताडताड उडत होती. मग त्यांनी तो घास रुमालात ठेवला. घासावर दातांची एक खूणही नव्हती.

"तपासणी पूर्ण झाली," अध्यक्ष म्हणाले. "कंत्राट मंजूर. पुन्हा नमुना आणण्याची मुळीच आवश्यकता नाही."

बाकी दोघांनी इतक्या जोरात माना हलवल्या की बाक करकरला.

संध्याकाळी साडूला बातमी कळली. त्याने रस्ताभर मिठाई वाटली. "दर्जा!" तो सांगत सुटला. "दर्जा शेवटी बोलतोच!" मेहुणी शेजारी उभी राहून मिठाईचा डबा धरत होती. तिच्या जिभेवर शब्द होते, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू पाहिलं आणि ते तिने गिळले.

दुसऱ्याच दिवशी पहिली खेप गेली. एकेक कोंबडी अशी टवटवीत, की शिजवण्याऐवजी तिचा फोटो काढून भिंतीवर लावावा. भांडारप्रमुखाने फाटकातच गाडी अडवली. आतून एक बरणी मागवली. बरणीत थोरलीची तंगडी होती, बरणीच्या तोंडावर लाखेची मोहोर.

"हा मंजूर नमुना," तो म्हणाला. त्याने बरणी हलवली. आत दगड खुळखुळावा तसा आवाज आला. मग त्याने साडूच्या कोंबडीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. "जुळत नाही. परत न्या."

"साहेब, ही त्याहून चांगली आहे!"

"चांगली की वाईट ते समितीने ठरवलं. मी फक्त जुळवतो. उद्या तुम्ही मोर आणाल, तोही घेऊ का?"

साडू गाडी घेऊन घरी आला आणि मागच्या अंगणात जाऊन रागाने टोपलीला लाथ मारली. टोपली उलटली. खालून समितीने काल खाल्लेली गुबगुबीत कोंबडी डुलत डुलत बाहेर आली.

साडूने कोंबडीकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग दारातून दिसणाऱ्या गल्ल्याखालच्या रिकाम्या जागेकडे.

"थोरली?" त्याने विचारलं.

"हो."

"माझ्या नावावर?"

"तुमच्या नावावर साबण मोजण्यापेक्षा बरं," मेहुणी म्हणाली.  "आता सांगा. कंत्राट पुरं करता, की दादाला निरोप पाठवू?"

 साडू सकाळी उठला, सायकल काढली आणि गावोगाव म्हाताऱ्या कोंबड्या शोधत फिरू लागला.

आणि तिथेच तर गंमत झाली. म्हातारी कोंबडी मिळते कुठे? सगळे तरुणपणीच विकून मोकळे होतात. एखाद्या घरी एखादी असायची, ती सवयीने ठेवलेली. लोकांना गिऱ्हाइकाची गरज कळायला वेळ लागत नाही. भाव चढले. "माझी पाच वर्षांची आहे." "माझी तर माझ्या थोरल्या सुनेआधी घरात आली." शेवटी एक चिवट कोंबडी हवी तर तिच्याबरोबर दोन कोवळ्याही विकत घ्याव्या लागू लागल्या. कारखानाही वाढीव दर देऊ लागला, कारण मंजूर दर्जा दुर्मिळ असल्याचं अध्यक्षांनीच लिहून दिलं. तो दर्जा पुन्हा तपासायला मात्र ते कधी आले नाहीत.

अशा व्यवहारात नको असलेल्या कोवळ्या कोंबड्या साडूकडे साचायच्या, त्या तो पडत्या भावाने काढून टाकी. दुकानापुढे रांग लागू लागली. लोक मान, पाठ, पंख, सगळं बिनतक्रार नेऊ लागले. मेव्हण्याचा निरोप यायचा थांबला. कामगारांच्या तक्रारीही थांबल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांची तोंडं मोकळी कुठे होती?

मी मधे एका रविवारी साडूकडे जेवायला गेलो होतो. तो दारातच एका शेतकरणीशी घासाघीस करत होता. तिच्या कोंबडीला अंगठ्याने दाबून म्हणत होता, "छे, ही आत जाते. आणखी दोन वर्षं सांभाळ, मग आण. मी काही वाटेल ते घेत नाही."

आत मेहुणीने पडत्या भावात विकायच्या कोंबड्यांतलीच एक कोवळी भाजली होती. हात लावला की मांस हाडापासून सुटत होतं. साडूने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि दाढेखाली काहीतरी शोधत राहिला.

"चव आहे," तो शेवटी म्हणाला, "पण दम नाही. हल्ली दर्जा राहिलाच नाही."

मेहुणीने त्याच्यापुढचं ताट उचललं आणि माझ्यापुढे सरकवलं.